सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी सर्च टर्म्स निवडताना या चुका टाळा

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा. त्यासाठी प्रबंधाचे विद्यार्थी आमच्या ग्रंथालयात येतात तेव्हा बऱ्याच जणांकडे व्हॉसव्ह्यूअरचा (पेपरांतले शब्द मोजून त्यांचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रंगीत नकाशा तयार असतो. हाताशी असलेले पेपर सॉफ्टवेअरला द्यायचे, सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द उचलायचे, झाल्या सर्च टर्म्स, म्हणजे शोधाचे शब्द! ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या पेपरांमधलेच शब्द मोजतं. जे पेपर सापडलेच नाहीत, त्यांचे शब्द ते कुठून आणणार?

मुंबईतले क्षयरुग्ण उपचार अर्धवट का सोडतात, यावर एक विद्यार्थिनी रिव्ह्यू करत होती. तिने अलीकडचे पेपर अँटकाँक या शब्द मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. यादीत वर आलं ‘लॉस्ट टू फॉलो-अप’, म्हणजे उपचार मध्येच सुटलेला रुग्ण. तेवढ्यावर पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस शोधून तिने स्क्रीनिंग (सापडलेले पेपर चाळून निवडणं) उरकलं, तक्तेही भरले. गाईडने विचारलं, ‘जुने अभ्यास कुठे गेले?’ २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या बदलल्या. त्याआधी अशा रुग्णाची नोंद ‘डिफॉल्ट’ अशी व्हायची. १९९५ पूर्वीच्या पेपरांत शहराचं नाव ‘बॉम्बे’, तेही तिच्या शोधात नव्हतं. सगळं स्क्रीनिंग पुन्हा करावं लागलं.

म्हणून मी प्रत्येक दशकातले पेपर सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे चालवायला लावते आणि यादी तळापासून वाचायला सांगते. एकदा-दोनदाच आलेले शब्द तिथे असतात, आणि कामाचे पुष्कळदा तेच असतात. विषयाला धरून असलेले काही पेपर सॉफ्टवेअरपासून मुद्दाम बाजूला ठेवा. शोध तयार झाला की ते त्यात येतात का बघा. निसटला, तर त्याचा गोषवारा वाचून कोणता शब्द राहिला ते शोधा. ज्या पेपरांतून शब्द काढले त्यांच्यावरच चाचणी घेणं ही स्वतःची फसवणूक आहे, आणि घाईत असलेले सर्रास तेच करतात.

‘डिफॉल्ट’ एकटा सोडू नका, मेंदूच्या ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’चे पेपर अंगावर येतात, क्षयरोगाच्या शब्दांशी ‘अँड’ने जोडा.

पबमेडमध्ये शब्द अवतरणचिन्हांत घातला की आपोआप मेश शब्द (पेपरांना विषयानुसार लावलेले सूचीतले ठरावीक शब्द) जोडले जाणं थांबतं. फक्त मेशवरही विसंबू नका, पबमेडमधल्या सगळ्याच पेपरांना ते लागलेले नसतात.

मुलांवरचे अभ्यास वगळायला ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिलंत तर मुलं आणि प्रौढ दोन्ही असलेले अभ्यासही जातात. मी ‘नॉट’ वापरूच देत नाही.

पबमेडचा शोध एम्बेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जसाच्या तसा चिकटवू नका. तिथली शब्दसूची एमट्री, मेश नव्हे.

शोध चालवला त्याच दिवशी तारीख आणि शोधाची पूर्ण ओळ वहीत उतरवा. रिव्ह्यूमध्ये शोध कसा नोंदवायचा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा-एस या २०२१ च्या निकषांनुसार दोन्ही द्यावी लागतात, आणि महिन्यांनंतर ती आठवून लिहिता येत नाही.