सुतळीनं मोजलेला उजेड

आमच्या जिंतूरकडं कुणी विचारलं, "पोरगं काय करायलंय?" तर आई सांगते, "लेझरवर आहे." पुढचं तिला सांगता येत नाही, आणि पीएचडीचं पहिलं वर्ष मलाही येत नव्हतं. नांदेड-संभाजीनगरच्या पोरांचे लेझरवरच्या पीएचडीबद्दल विचारायला फोन येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सोन्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक कण, करत होतो. सोनं असलेल्या क्लोरोऑरिक आम्लाचं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट घालायचं. फिकट पिवळा रंग आधी काळपट आणि मग माणकासारखा लाल होतो. माझा जांभळ्यावरच जायचा. तीन आठवडे मी रसायनांना दोष दिला. चूक भांड्यात होती. धुतलेली काचेची भांडी मी शेवटी बोअरच्या पाण्यानं विसळत होतो. आपल्याकडच्या बोअरचे क्षार कसे बसतात ते घरच्या हंड्यावर दिसतंच. क्षारामुळं कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर पडतो. पीएचडीच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ याच फजितीवर बोलणं झालं. इंग्रजी अडखळत होतं, पण कुणी टोकलं नाही.

आता लेझर. फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा वेळात रेणूंत काय घडतं हे दाखवल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत ऐकायला सोपी आहे: फेम्टोसेकंदांत संपणारा लेझरचा पहिला झोत नमुन्याला धक्का देतो, दुसरा थोड्या उशिरानं येऊन काय बदललं ते बघतो. सोन्याच्या कणात तापलेले इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) आपली उष्णता अणूंच्या जाळीला देऊन टाकतात, तेच आम्ही मोजतो. उशीर करायला घड्याळ नसतं, आरसा सरकवतात. आरसा १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागं घेतला की उजेडाला जाऊन-येऊन ३० मायक्रॉन जादा वाट पडते, म्हणजे १०० फेम्टोसेकंद.

पण दोन्ही झोत एकाच क्षणी पोचतात ती जागा, 'टाइम झीरो', आधी सापडावी लागते. मला अकरा दिवस सापडली नाही. शेवटी सीनियर दादानं खिशातून सुतळी काढली. एका आरशापासून दुसऱ्यापर्यंत ताणत त्यानं दोन्ही वाटा मोजल्या. माझी एक वाट चौदा सेंटिमीटर लांब निघाली, आणि मी मात्र मायक्रॉन-मायक्रॉन शोधत बसलो होतो! रानात पाइपलाइन टाकताना हेच करतो की आपण.

लेझरच्या टेबलाजवळ जाताना अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पडलेला स्क्रू उचलायला झोताच्या उंचीवर डोळे नेऊन वाकू नका. ८०० नॅनोमीटरचा झोत जवळजवळ दिसत नाही, पण डोळा कायमचा घालवतो. गॉगल जड आहे म्हणून कपाळावर चढवणारे मी पाहिलेत.

पैशाचं थोडक्यात: जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या सरकारी शिष्यवृत्तीला, २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढं ४२,००० रुपये, वर घरभाडं. माझा पहिला हप्ता पाच महिन्यांनी आला. तोवर मेसचं बिल मामानं भरलं. तेवढी तजवीज करूनच घर सोडा. नेटच्या परीक्षेबरोबर गेटचीही देऊन ठेवा, आणि पायथन ही संगणकाची भाषा आत्ताच शिका, कारण निम्मा दिवस आलेख काढण्यातच जातो.

लॅब निवडताना आपली पोरं संस्थेचं नाव बघतात. मीही तेच केलं होतं. त्यापेक्षा मुलाखत झाली की लॅब बघायची परवानगी मागा, गाइड नसताना तिथल्या पोरांसोबत चहा घ्या आणि विचारा, "गेल्या महिन्यात लेझर किती दिवस चालू होता?" उत्तराआधी ते एकमेकांकडं बघून हसले, तर दुसरी लॅबही बघून या.