हीटेड ग्रिप बसवताना उजव्या हाताकडे लक्ष द्या

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की पहाटे नाशिकहून बाईक काढणाऱ्याची बोटं कसारा घाटापर्यंत बधिर होतात. जाड हातमोजे घातले की क्लच नीट कळत नाही, म्हणून हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणारी हँडलची मूठ.

जुन्या ग्रिप टाकायच्याच असतील तर ओढाताण न करता सरळ ब्लेडने कापा. नव्या घेण्याआधी हँडलबारची जाडी मोजा, बहुतेक ठिकाणी ती 22 मिमी असते. उजवी ग्रिप थ्रॉटलच्या प्लास्टिक नळीवर चढते, म्हणून तिचं भोक मोठं असतं. नळीवर उंचवटे असतील तर घासून सपाट करावे लागतात.

खरी गोम वायरीत आहे. उजवी ग्रिप फिरते, तिच्यासोबत वायरही. पूर्ण थ्रॉटल देऊन, हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. थ्रॉटल सोडताच झटकन परत आलं पाहिजे. माझी वायर एकदा ब्रेकच्या लिव्हरपाशी अडकली होती, नशीब बाईक स्टँडवर होती! गोंद उष्णता सोसणारा घ्या आणि रात्रभर सुकू द्या.

जोडी साधारण 3-4 अँपिअर ओढते. हेडलाइटच्या वायरीतून चोरटा टॅप नको. बॅटरीवरून फ्यूज टाकून रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) लावा, रिले इग्निशनवर चालू द्या, म्हणजे पार्किंगमध्ये बॅटरी उतरणार नाही.

डावी ग्रिप कमी तापली तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. ती थेट धातूवर बसते, उष्णता हँडलबार खातो.