एमएसडब्ल्यू करताय? फील्डवर्कमधल्या या चुका टाळा

जुलै संपत आला की बडोद्यातल्या आमच्या संस्थेच्या दारात चपलांची गर्दी वाढते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाची मुलं फील्डवर्कला येतात. आठवड्याचे दोन दिवस, साधारण १५ तास, असं दोन वर्षं. त्यांना वस्त्यांमध्ये नेणं आणि त्यांच्या वह्या वाचणं हे काम बारा वर्षं माझ्याकडे आहे, आणि बारा वर्षं मी त्याच चुकांवर लाल पेन झिजवते आहे. यातल्या काही मी स्वतः करून बसलेली आहे, त्यामुळे त्या मला लांबूनच ओळखू येतात.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे रिपोर्ट साचवणं. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या सविस्तर लेखी नोंदीत, समोरची बाई काय बोलली, त्यावर तुम्ही काय बोललात, कुठे गप्प बसलात, मनात काय आलं, हे सगळं यायला हवं. डोक्यात ते फार तर एक रात्र टिकतं. दुसऱ्या दिवशी सारांश उरतो आणि आठवड्याने कादंबरी.

मी स्वतः एमएसडब्ल्यू करत होते तेव्हा दुसऱ्या सत्रात पाच भेटी साचवल्या होत्या. त्यातल्या दोन तर झाल्याच नव्हत्या. आयसीच्या, म्हणजे सुपरवायझर मॅडमबरोबरच्या वैयक्तिक चर्चेच्या, आदल्या रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बसून पाचही एका दमात उतरवल्या, तारखा अंदाजाने टाकल्या. सकाळी मॅडमनी एका पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "१४ जानेवारी, दुपारी चार. क्लायंट घरात एकट्या होत्या. वातावरण शांत होतं." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उत्तरायणाच्या दिवशी, वडोदऱ्यात, दुपारी चारला वातावरण शांत? बरं, मग पतंग कुणी कापला ते पण लिही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचही भेटी रद्द झाल्या. ते तास मी मे महिन्यात भरून काढले, दुपारच्या उन्हात, एका पत्र्याच्या खोलीतून दुसऱ्या पत्र्याच्या खोलीत. त्यानंतर आजतागायत भेट संपली की मी थेट घरी जात नाही. तेव्हा कमाटीबागेतल्या बाकावर बसायचे, आता संस्थेच्या जिन्यात बसते. वीस मिनिटं नुसते शब्द टिपून काढते, वाक्यं रात्री. आणि ती बाई ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत. आपल्याकडच्या मराठी मुलांना वाटतं की गुजराती येतं म्हणजे झालं. पण दाहोद, छोटाउदेपूरकडून मजुरीला आलेली माणसं घरात भीली नाही तर राठवी बोलतात आणि तुमच्याशी तोडकंमोडकं गुजराती. त्यांचं वाक्य लगेच इंग्रजीत घासूनपुसून लिहिलंत की त्यातली माणसं निघून जातात. मूळ वाक्य आधी, भाषांतर नंतर.

हल्ली मोबाइलकडून रिपोर्ट लिहून घेणारेही भेटतात. त्या रिपोर्टमधली प्रत्येक विधवा एकसारखी खंबीर असते आणि प्रत्येक मुलगा भविष्याबद्दल आशावादी. मला दुसऱ्या ओळीत कळतं.

त्याच वहीत आणखी एक: "घर अस्वच्छ होतं." हे तुमचं मत झालं. भांडी मोरीत पडली होती आणि नळाला सकाळी अर्धाच तास पाणी येतं, हे निरीक्षण. बिएस्टेक या समाजकार्याच्या अभ्यासकाने १९५७ मध्ये मांडलेली सात तत्त्वं पोरं धडाधडा म्हणून दाखवतात, त्यात व्यक्तीला दोषी न ठरवण्याचं तत्त्व आहेच. आणि पान उलटलं की "आई बेजबाबदार वाटली."

आता दुसरी चूक, जिचा मला खरा राग येतो. शब्द देणं. बडोद्याच्या हवेत दोन शब्द कायम तरंगत असतात: "थई जशे." म्हणजे, होऊन जाईल. रिक्षावाला म्हणतो, शिंपी म्हणतो, चालतं. तुम्ही म्हणायचं नाही.

काही वर्षांपूर्वी एक हुशार, मनाने चांगली मुलगी आमच्याकडे होती. वस्तीत तिला एक विधवा बाई भेटली, पदरात दोन मुलं. सरकारची गंगास्वरूपा योजना आहे, महिना १२५० रुपये थेट खात्यात जमा होतात, हे मुलीला वर्गात नुकतंच शिकवलेलं. तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "बेन, थई जशे, महिनाभरात सुरू होईल." बाईने त्या भरवशावर मुलांना बूट-दप्तरं उधारीवर घेतली. पुढे कळलं की नवरा गावी वारला होता, मृत्यूचा दाखला तिकडचा, त्यावर त्याचं नाव वेगळं आणि आधार कार्डावर वेगळं. दुरुस्तीसाठी गावी जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. तोवर सत्र संपलं, मुलीचं प्लेसमेंट, म्हणजे फील्डवर्कची जागा, बदललं. बाई मात्र दर सोमवारी आमच्या पायरीवर येऊन बसायची आणि विचारायची, "पेली बेन क्यां गई?" दुकानदाराचे पैसे तिने कसे फेडले ते मी विचारलं नाही. मला विचारवलं नाही.

मुलगी वाईट नव्हती, घाईत होती. मदत केल्याचा आनंद तिला पहिल्याच दिवशी हवा होता. मी विद्यार्थ्यांना "करते" हे क्रियापद बंद केलंय. "विचारून सांगते" म्हणा, आणि खरंच विचारा. आधी एकदा एकट्याने मामलतदार कचेरीत जा, रांगेत उभं राहा, कुठला कागद कुठल्या खिडकीत अडतो ते बघा, मग योजनेचं नाव तोंडातून काढा. वहीच्या शेवटच्या पानावर मी तारखेसह लिहून ठेवते की कुणाला काय बोलले. प्लेसमेंट संपताना ते पान पुढच्या माणसाच्या हाती जातं. आणि आपण किती महिने येणार आहोत हे पहिल्या भेटीत सांगायचं, शेवटच्या नाही.

"मी कुणालाच सांगणार नाही" हाही शब्दच. गोपनीयतेला मर्यादा असते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. लपवलंत तर शिक्षा तुम्हालाही होऊ शकते. त्याच दिवशी सुपरवायझरला गाठा, पुढचं पाऊल दोघांनी मिळून टाका. मुलाला आधी तोंडभरून वचन देऊन मग ते मोडू नका.

याच्या उलट, ज्या गोष्टी खरंच कुठे बोलायच्या नसतात त्या सेव-उसळच्या गाडीवर मोठमोठ्याने बोलल्या जातात, नावासकट. शहर मोठं झालंय, पण बाजूला ताट घेऊन उभा असलेला माणूस कुणाचा तरी दीर असतो.

बालगृहातल्या मुलांबरोबरचा फोटो स्टेटसला टाकू नका. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४. वाचा.

खिशातून पैसे देऊ नका. दिलेत तर निदान रिपोर्टात लपवू नका.

प्रबंधाबद्दल थोडंच. कुठलाही विषय असो, बडोद्याच्या मुलांची प्रस्तावना महाराज सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं इथून सुरू होते. अभिमान मलाही आहे, पण तुमचा विषय दारूचं व्यसन आहे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुम्ही प्रश्न वाचून दाखवून उत्तरं स्वतः लिहिली असतील तर त्या साधनाला प्रश्नावली म्हणत नाहीत, ती मुलाखत अनुसूची. दर तोंडी परीक्षेत कुणीतरी इथे आपटतंच.

नेटचा, म्हणजे यूजीसीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास चौथ्या सत्रात सुरू करणाऱ्यांना काय सांगू? १५० प्रश्न, तीन तास, उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणून सगळे ठोकून देतात, आणि निकालानंतर माझ्याकडे चहाला येतात.

त्या बाईचं पेन्शन पुढे सुरू झालं. कागद दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने लावले. फारसा बोलका नव्हता तो, रिपोर्टही कंटाळवाणे लिहायचा, पण दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला तो तिच्याबरोबर गावापर्यंत गेला आणि येताना एसटीतच वही उघडून बसला.