कृषी विभागात आस्थापना टेबल मिळालंय? भरती नि मनुष्यबळाचं काम कसं चालतं त्याचा अनुभव

कृषी विभागात नवीन लागलेल्या पोरापोरींना आस्थापना टेबल दिलं की त्यांचं तोंडच उतरतं. फिल्डवर जायचं सोडून सेवापुस्तकं नि बिंदुनामावली (आरक्षणाचं रजिस्टर) कोण सांभाळणार, असं वाटतं. मी या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे ठामपणे सांगतो, खरिपात एखाद्या गावाला पूर्णवेळ कृषी सहायक मिळणार की शेजारच्या सजेवाल्याकडे (सजा म्हणजे एका सहायकाकडची गावं) अतिरिक्त कार्यभार जाणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं, आणि तेही दोन-तीन वर्षं आधी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी रचना बघून घ्या. पुण्याला आयुक्तालय, त्याखाली विभागीय कृषी सहसंचालक, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभाग, तालुका, मंडळ आणि सगळ्यात शेवटी सजा. राजपत्रित पदं एमपीएससीकडून भरतात, त्यासाठी शासनाकडून आयोगाला मागणीपत्र जातं. कृषी सेवकाची भरती विभागनिहाय होते, पात्रता कृषी पदविका किंवा पदवी. पहिली तीन वर्षं मानधनावर, पूर्वी ते महिना 6,000 होतं, 2024 मधे 16,000 झालं, नि मग कृषी सहायक. 2025 मधे पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झालं पण ऑफिसात नि गावात अजून सगळे कृषी सहायकच म्हणतात, मीही तेच लिहितो.

आता मुद्द्याचं. वरून पत्र येतं, रिक्त पदांची माहिती आजच सादर करा. नवीन माणूस काय करतो तर मंजूर पदांतून भरलेली पदं वजा करतो नि आकडा पाठवून मोकळा होतो. तो आकडा चुकीचा नसतो पण त्याचा उपयोग फार कमी. समजा तालुक्यात 20 पदं मंजूर आहेत नि 15 भरलेली, म्हणजे कागदावर 5 रिक्त. आता त्या 15 मधला एक प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या कार्यालयात, पण पगार इथून निघतो म्हणून सेवार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, इथलाच दिसतो. एकजण दीर्घ रजेवर. दोघं येत्या मे अखेर रिटायर. एकाचा बदलीचा विनंती अर्ज मंजूर व्हायच्या मार्गावर. म्हणजे पेरणीच्या वेळी हातात माणसं 10. तेव्हा आजच्या तारखेचा तक्ता पाठवाच, तो मागितलेलाच असतो, पण स्वतःसाठी 1 जूनच्या तारखेचा एक तक्ता कायम तयार ठेवा.

1 जूनच का, तर आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना सरसकट 1 जून जन्मतारीख लावायची पद्धत होती. नियम असा की जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. गट क ला वय 58. म्हणजे 1 जूनवाले सगळे 31 मे ला एका दिवसात बाहेर. त्यात 2005 च्या बदली कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्याही एप्रिल-मे मधेच. मृग तोंडावर आलेला, बियाण्याच्या उगवण चाचण्या, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं, खताच्या तक्रारी, शेतीशाळांचं नियोजन हे सगळं एकदम अंगावर येतं नि नेमक्या त्याच आठवड्यात सजा रिकाम्या होतात. दरवर्षी होतं हे, नि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिलेली असते, त्यामुळे पाच वर्षांनी कोण जाणार तेही आज सांगता येतं. माझ्या मते या टेबलावरचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, सगळी सेवापुस्तकं काढायची, जन्मतारखा एका शीटमधे टाकायच्या, पुढच्या पाच वर्षांचे 31 मे बघायचे. दोन दिवसात होतं.

मग बिंदुनामावली. हे रजिस्टर बघून घाबरू नका. 100 बिंदूंचा तक्ता असतो, प्रत्येक बिंदूला प्रवर्ग ठरलेला, त्यावर कोणाची नेमणूक कधी झाली ते लिहायचं. अजा (अनुसूचित जाती) 13 टक्के, अज (अनुसूचित जमाती) 7, विजा-अ (विमुक्त जाती) 3, भज-ब (भटक्या जमाती) 2.5, भज-क 3.5, भज-ड 2, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) 2, इमाव (इतर मागासवर्ग) 19, नि त्यावर एसईबीसी 10 आणि ईडब्ल्यूएस 10. समांतर आरक्षण याच्या आत चालतं, महिला 30 टक्के, माजी सैनिक 15, खेळाडू 5, दिव्यांग 4 वगैरे. अडतं कुठे ते सांगतो. इमावचा एखादा उमेदवार वय, गुण कसलीही सवलत न घेता खुल्याच्या गुणवत्तेत बसला तर तो खुल्या बिंदूवर मोजायचा. जुन्या नोंदींमधे कधीकधी असा माणूस त्याच्या प्रवर्गाच्या बिंदूवर टाकलेला सापडतो, त्यामुळे त्या प्रवर्गाची एक जागा भरलेली दिसते नि खऱ्या हक्काच्या पोराची जागा जाहिरातीत येतच नाही. हे तपासायला मूळ निवड यादी काढावी लागते, नुसतं नाव नि जात बघून चालत नाही. नंतर रजिस्टर विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्गीय कक्षाकडून, म्हणजे मावककडून, तपासून घ्यायचं. त्यांच्या तपासणीशिवाय जाहिरात निघत नाही, नि एकदा त्रुटी लागून फाईल परत आली की महिने जातात. म्हणून जाहिरातीची चर्चा सुरू व्हायची वाट बघू नका, रोस्टर दरवर्षी अद्ययावत करून ठेवा.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, जागांचा हिशोब वेगळा ठेवा. अनुसूचित क्षेत्र राज्यात 13 जिल्ह्यांत आहे नि 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेत स्थानिक अनुसूचित जमातीतून भरायच्या पदांमधे कृषी सहायकही आहे. पुढे या आरक्षणावरचा वाद सुप्रीम कोर्टात गेला नि निवड झालेली पोरं नियुक्तीची वाट बघत बसली. त्यांचे फोन येतात तेव्हा प्लीज नीट बोला, फाईल कुठे आहे ते स्पष्ट सांगा, "कळवू" म्हणून ठेवून देऊ नका.

आकृतीबंधाबद्दल थोडक्यात. कुठल्या कार्यालयात कुठली किती पदं हे त्यात ठरतं, सुधारित आकृतीबंध वित्त विभाग नि उच्चस्तरीय सचिव समितीकडून मंजूर व्हावा लागतो. त्याचा भरतीवर थेट परिणाम होतो, 2022 मधे 75,000 पदांच्या भरतीचा निर्णय झाला तेव्हा ज्यांचा आकृतीबंध मंजूर त्यांना सरळसेवेची 100 टक्के रिक्त पदं भरायची मुभा होती, बाकीच्यांना 80 टक्के. खालून माहिती मागवली तर फक्त गावं नि खातेदार मोजून पाठवू नका, फळबाग किती, ठिबकची प्रकरणं किती, महाडीबीटीवरचे अर्ज किती, अवकाळीचे पंचनामे किती वेळा करावे लागतात तेही जोडा. डोंगरी भागात दोन गावांमधला रस्ताच अर्धा दिवस खातो, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, टिपणीत लिहावं लागतं.

अतिरिक्त कार्यभाराचे आदेशही मे मधेच काढून घ्या आणि काढताना नकाशा समोर ठेवा. एकाच माणसाकडे तीन सजा दिल्या तर गारपीट झाल्यावर तो पंचनामे करायला पोचेपर्यंत शेतकऱ्यानं रान मोकळं केलेलं असतं, मग नुकसान दाखवायचं कशावर.

शेवटचं म्हणजे निवड झाल्यानंतरचं. कृषी सेवक म्हणून आलेल्यांमधे एमपीएससी करणारे पुष्कळ असतात, कोणी हजरच होत नाही, कोणी सहा महिन्यात दुसरीकडे लागून राजीनामा देतो. त्यात त्यांची चूक काही नाही, पण त्या जागेवर प्रतीक्षा यादीतलं पोरगं बसू शकतं नि त्या यादीला मुदत असते. मुदत संपली की ती जागा पुढच्या जाहिरातीपर्यंत, म्हणजे कितीतरी हंगाम, रिकामी राहते. म्हणून हजर व्हायची तारीख उलटली की लगेच नियुक्ती रद्दचा प्रस्ताव करा, सोबतच प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाची शिफारस मागवा, आणि यादीची मुदत कधी संपते ती तारीख टेबलावर समोर दिसेल अशी लावून ठेवा.