शाळेच्या प्रकल्पासाठी व्हिडिओ: बारवेपासून पेन ड्राइव्हपर्यंत

शाळेच्या प्रकल्पासाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा असेल, तर विषय पायी जाता येईल इतका जवळचा निवडा. ताजमहालावर व्हिडिओ केला तर दृश्यं दुसऱ्यांची उचलावी लागतात. गावातल्या बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, केला तर एकूण एक दृश्य तुमचं स्वतःचं असतं, आणि स्वतः जाऊन पाहिलेलं दाखवण्यातच या छंदाची खरी मजा आहे. इथे बारवेचंच उदाहरण घेतलं आहे. तुमच्याकडे पिठाची गिरणी किंवा कुंभाराचं चाक असेल तरी कृती हीच.

आधी वही

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय दिसेल ते लिहा, उजवीकडे काय ऐकू येईल ते. निवेदन मोठ्याने वाचून घड्याळ लावा. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणून चार मिनिटांसाठी अडीचशे ते तीनशे शब्दच ठेवा, म्हणजे पाण्याचा आणि पारव्यांचा आवाज ऐकू यायला जागा उरेल.

माहिती तपासूनच लिहा. साताऱ्याजवळ लिंब इथली बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या काळात बांधून घेतली, असं तिथला शिलालेख सांगतो. तुमच्या बारवेवर असा लेख नसेल तर साल सांगू नका, आणि पुराव्याशिवाय ‘यादवकालीन’ हा शब्दही वापरू नका. जे डोळ्यांना दिसतं ते नेमकं सांगा: पायऱ्या किती, देवकोष्ठ (मूर्तीसाठीचा कोनाडा) कुठे, मोटेची थारोळी (मोटेचं पाणी ओततात ती दगडी कुंडं) शिल्लक आहेत का, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं.

चित्रीकरण

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत न्या. बारवेच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि फोनकडे पाहताना पायाकडे लक्ष राहत नाही.

फोन आडवा धरा, लेन्स मऊ कापडाने पुसा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. सेटिंगमध्ये चित्राची स्पष्टता १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) एवढं पुरतं. त्याहून स्पष्ट फोर-केमुळे जागा पटकन भरते आणि एडिटिंगला फोन अडखळतो. प्रत्येक गोष्ट तीन अंतरांवरून टिपा: आधी अख्खी बारव, मग एक कमान, मग दगडावरची छिन्नीची खूण. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद हलू न देता धरा. कोपर बरगड्यांना टेकवा किंवा फोन कठड्यावर टेकवून ठेवा. फोन गरागरा फिरवून सगळं एकदम दाखवण्याचा मोह टाळा.

बारवेत अर्धी सावली आणि अर्धं कडक ऊन असेल तर फोनचा गोंधळ उडतो. ढगाळ दिवस किंवा सगळी बारव सावलीत असेल अशी वेळ गाठा. चौकटीत आभाळ कमी घ्या आणि पडद्यावर बोट दाबून धरून उजेड लॉक करा.

वर्गात ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करताना कधी कधी चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि कॅमेऱ्याची गती त्याच्याशी जुळत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (हाताने सेटिंग बदलण्याची सोय) असेल तर शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. नसेल तर खिडकीजवळ बसा.

आवाज

शाळेतले बहुतेक व्हिडिओ इथेच मार खातात. चित्र जरा धूसर असलं तरी वर्ग पाहतो. शब्द कळेनासे झाले की मुलं आपापसात बोलायला लागतात.

मुलाखत घेताना कॅमेरा लांब असेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात, माइक वर येईल असा ठेवून आवाज रेकॉर्ड करा. दोन्ही फोन सुरू झाले की एक टाळी वाजवा, त्या टाळीवर चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. आधी परवानगी घ्या आणि प्रश्न नेमका विचारा. ‘आजोबा, बारवेची माहिती सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांत उत्तर संपतं. ‘आजोबा, तुम्ही इथे पोहायला कुणाकडून शिकलात?’ असं विचारा आणि मग मधे बोलू नका. शेवटी कुणीही न बोलता तीस सेकंद नुसता तिथला आवाज घ्या.

निवेदन घरी, पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटासमोर बसून रेकॉर्ड करा. कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे घुमत नाही.

एडिटिंग

एडिटिंगसाठी फोनवर व्हीएन हे ॲप, संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चांगले. शेवटची दोन मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. मूळ फाइल्सची एक प्रत आधी बाजूला ठेवा.

मग टाइमलाइनवर (तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर) निवेदन आणि मुलाखत, म्हणजे नुसता आवाज लावा. डोळे मिटून ऐका. गोष्ट कळली तरच त्यावर चित्रं बसवा. अडखळलेली वाक्यं कापा, कापलेल्या जागी तो तीस सेकंदांचा आवाज भरा, म्हणजे खड्डा जाणवणार नाही. आजोबांचा आवाज त्यांचा चेहरा दिसण्याआधी एखादा सेकंद सुरू करून पाहा, प्रसंग अलगद बदलतो. फिरणारी, फुटणारी ट्रान्झिशन्स वापरू नका; साधा कट बारवेला शोभतो.

मराठी अक्षरं नीट तपासा. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात: ‘पायऱ्या’, ‘थारोळ्यांत’, ‘श्री’ लिहून बघा. फुटत असतील तर मुक्ता किंवा बालू हा फाँट टाकून पाहा. तरीही जमलं नाही तर शीर्षक दुसरीकडे चित्र म्हणून तयार करून ते लावा.

सिनेमाचं गाणं नको. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या, बोलणं सुरू असताना ते अगदी हळू ठेवा. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं, त्यांना विचारून, शेवटी द्या.

सुपूर्द करताना

एक्सपोर्ट करताना फाइलचा प्रकार एमपी-४, कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) एच.२६४ आणि स्पष्टता १०८०पी निवडा. बिटरेट ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) ठेवला तर चार मिनिटांची फाइल साधारण २४० एमबी होते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो दाबला जाऊन चित्र खराब होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेन ड्राइव्हवरही एक प्रत ठेवा, आणि सादरीकरणाच्या आदल्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारून शाळेच्या संगणकावर, तिथल्याच स्पीकरवर, मागच्या बाकावर बसून ती पूर्ण ऐका.