माशांच्या टाकीतील पाणी बदलताना

नाशिक शहराला गंगापूर धरणातून मिळणारे पाणी क्लोरीन मिसळूनच नळाला येते, आणि माणसाला निर्धोक असणारा हाच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून नळाचे पाणी थेट टाकीत ओतू नये. ते रुंद तोंडाच्या बादलीत किमान 24 तास उघडे ठेवावे किंवा, अधिक खात्रीचा उपाय म्हणून, दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण बाटलीवरील प्रमाणात मिसळावे.

टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून लख्ख करण्याची हौस मात्र आवरावी. माशांच्या उत्सर्जनातून सुटणाऱ्या अमोनियाचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात वसलेले असतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा साधारण 20 ते 25 टक्केच पाणी काढावे आणि स्पंज नळाखाली न धुता त्या काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

त्याआधी हीटर व फिल्टरचे प्लग काढावेत. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकू शकते. पाणी काढण्याच्या नळीचे टोक खडीत खुपसून हलवले की तळाचा तपकिरी गाळ नळीतून वर चढताना दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत बादलीतील पाणी रात्रभरात चांगलेच गारठते, तेव्हा त्यातलेच थोडे गरम करून मिसळावे, तापमापकाने टाकीशी जुळते का ते पाहावे आणि बशीवर धार धरून सावकाश ओतावे. पातळी पूर्ववत झाल्यावरच हीटर सुरू करावा.