स्टेटमेंटवर एक ओळ, वहीत चौदा पावत्या: सोसायटीच्या बँक ताळमेळात या चुका टाळा

एका सोसायटीचे हिशेब मी नुकतेच हातात घेतले होते. पहिल्याच आठवड्यात सत्तरीच्या एक काकू नोटीस घेऊन आल्या. थकबाकी ३,४५० रुपये, वर तेव्हाच्या उपविधीतल्या कमाल दराने म्हणजे वार्षिक २१ टक्क्यांनी व्याज. त्यांच्या दुसऱ्या हातात त्याच महिन्याची पावती होती. पैसे बँकेत वेळेवर जमाही झाले होते. त्या दिवशी एकाच स्लिपवर १४ चेक भरले गेले आणि स्टेटमेंटवर ४८,३०० ची एकच ओळ आली. स्लिपची काउंटरफॉइल (आपल्याकडे राहणारा भाग) सापडेना, म्हणून आधीच्या माणसाने ४८,३०० ला ३,४५० ने भागलं आणि चौदा फ्लॅट अंदाजाने निवडले. बेरीज जुळली, पण काकूंचा फ्लॅट सुटला. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी विसरू शकत नाही.

सोसायटीच्या हिशेबात हा धोका दुकानापेक्षा जास्त असतो, कारण इथे बहुतेकांची रक्कम सारखीच असते. त्यामुळे ताळमेळ करताना, म्हणजे वहीतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, नुसत्या रकमेवरून जुळवणी करू नका. सॉफ्टवेअरने आपणहून सुचवलेली जोडीही फ्लॅट क्रमांक पाहिल्याशिवाय स्वीकारू नका. पावती प्रत्येक सदस्याची वेगळीच करा. चेक भरायला निघताना स्लिपला आपला क्रमांक द्या आणि त्या स्लिपवरच्या सगळ्या पावत्यांच्या नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या तपशिलात) तोच क्रमांक लिहा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताळमेळ करताना चौदाही पावत्यांसमोर बँक डेट म्हणून स्टेटमेंटवरची तीच तारीख टाका. आपली बँक स्लिपची एकूण रक्कम दाखवते की प्रत्येक चेक वेगळा, हे मात्र आधी पाहून घ्या. चेक वेगळे येत असतील तर पावत्या एका स्लिप क्रमांकाखाली बांधण्याची गरजच नाही.

यातला एक चेक परत आला की बरेचजण ती पावतीच रद्द करतात. मग वहीत ४४,८५० उरतात आणि स्टेटमेंटवर ४८,३०० जमा दिसतात, पुढे ३,४५० नावे आणि वर बँकेचा आकार. तिन्ही ओळी अधांतरी राहतात. पावतीला हात लावू नका. चेक परत आल्याच्या तारखेला उलट नोंद वेगळी करा, आकाराची त्याहून वेगळी.

ॲप किंवा पेमेंट गेटवेने (सदस्यांचे ऑनलाइन पैसे गोळा करून सोसायटीच्या खात्यात टाकणाऱ्या सेवेने) आलेल्या पैशांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समजा २३ सदस्यांनी मिळून ७९,३५० भरले. गेटवेने ६०० रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०८ कापून ७८,६४२ एका ओळीत खात्यात टाकले. हे ७८,६४२ सदस्यांमध्ये वाटून पावत्या केल्या, तर पूर्ण पैसे भरलेल्या प्रत्येकाच्या नावे सुमारे ३१ रुपये थकीत दिसतात आणि पुढच्या बिलात त्यावर व्याजही लागतं. यावर मार्ग एकच: वहीत ‘गेटवे येणे’ असं मधलं खातं उघडा. पावत्या पूर्ण रकमेच्या करून या खात्यात घ्या. बँकेत पैसे आले की एकाच व्हाउचरने ७८,६४२ बँकेला, ७०८ आकाराला आणि ७९,३५० या खात्यातून कमी. मग या खात्यात उरते ती फक्त अजून बँकेत न पोहोचलेली रक्कम. त्याहून जास्त उरलं तर गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट काढून एकेक व्यवहार तपासा. आकार सोसायटीने सोसायचा की सदस्याने, हे समितीच्या ठरावात आधीच लिहिलेलं असावं.

मार्चअखेरीस हेच खातं उपयोगी पडतं. ३१ मार्चला सदस्याने भरलेले पैसे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला बँकेत येतात. ताळमेळ लवकर जुळावा म्हणून बँकेची नोंद मागच्या तारखेने करू नका. पावती ३१ मार्चचीच राहील आणि येणे रक्कम ताळेबंदात दिसेल. लेखापरीक्षकाला तेच हवं असतं.

पैसे बाहेर जातानाही असंच घडतं. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, माळी यांचे पगार एकगठ्ठा पाठवले की बँक एकच डेबिट दाखवते. वहीत मात्र व्यक्तीगणिक नोंदी हव्यात आणि सगळ्यांवर त्या गठ्ठ्याचा एकच संदर्भ क्रमांक. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) चुकल्यामुळे एकाचा पगार परत आला तर ती जमा रक्कम इतर उत्पन्नात टाकू नका. तो त्या कामगाराचा देणे पगार आहे, आणि तो माणूस पैशांची वाट पाहतो आहे. त्याच दिवशी त्याला फोन करा.

एवढं करूनही फरक उरला तर तो सस्पेन्स खात्यात (उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) ढकलून महिना बंद करू नका. मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक बदलली आहे का, ते आधी पाहा. बंद महिन्यात कुणीतरी केलेली दुरुस्ती हे मला वारंवार सापडलेलं कारण आहे. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या: ३,४५० च्या जागी ३,५४० लिहिले की फरक ९० येतो.

सस्पेन्स खातं फक्त एकाच कामासाठी ठेवा: नावाविना आलेल्या एनईएफटी किंवा यूपीआय जमेसाठी. तिथेही एनईएफटीचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) किंवा यूपीआयचा १२ अंकी क्रमांक लिहा, आणि तारीख, रक्कम व क्रमांकाचे शेवटचे चार अंक सूचना फलकावर लावा. ज्याचे पैसे आहेत तो सदस्य बहुधा दोन दिवसांत खाली येतो.